वेळेवर हक्क कोणाचा?

मराठीत वेळ मिळतो, वेळ जातो, वेळ काढावा लागतो, कधी वेळ मारूनही न्यावी लागते. या सगळ्यांपेक्षा वेगळे असे एक क्रियापद आहे : वेळ देणे. मिळणे, जाणे, काढणे यांत माणूस एकटा असला तरी चालतो. देण्यात मात्र समोर दुसरा कोणीतरी असावाच लागतो. उर्दूतही आपण 'वक्त देना' असेच म्हणतो. वेळ ही देण्याची वस्तू आहे हे एकदा मान्य केले, की ती कोणाला आधी द्यायची आणि कोणाला नंतर, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो नीतीचा होतो. या लेखात त्याच बाजूने विचार करायचा आहे.

वेळेच्या नियोजनावर आजकाल पुष्कळ बोलले जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट हटकून सांगतात. बरणीत आधी मोठे दगड भरावेत, मग खडे, मग वाळू. वाळू आधी भरली तर दगडांना जागा उरत नाही. तात्पर्य असे की, महत्त्वाचे काम आधी करावे. गोष्ट चांगली आहे आणि खोटीही नाही. पण ती ऐकताना दोन प्रश्न मनात येतात. मोठा दगड कोणता, हे ठरवायचे कोणी? आणि ज्याच्या हातात स्वतःची बरणीच नाही, त्याने काय करायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे त्या गोष्टीत नाहीत.

तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला फरक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ मधील एका भाषणात सांगितला होता, आणि तोही त्यांनी एका महाविद्यालयप्रमुखाच्या नावावर सांगितला. पुढे त्यावरून चार चौकटींचा तक्ता तयार झाला आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून तो जगभर गेला. हा फरक आपल्या घरातलाही आहे. फोन वाजतो, तो तातडीचा असतो. म्हातारे वडील ओट्यावर गप्प बसलेले असतात, ते महत्त्वाचे असतात. फोन आपण लगेच उचलतो. वडिलांजवळ 'नंतर' बसू म्हणतो. फोनला आवाज आहे, वडिलांच्या गप्प बसण्याला आवाज नाही, एवढाच तो फरक.

आपल्या वाचकांना कामांची प्रतवारी ही कल्पना परदेशातून आणावी लागू नये. लहानपणी मकतबमध्ये आपण जे पहिले धडे घेतो, त्यांत फर्ज, वाजिब, सुन्नत, नफ्ल हा क्रम असतो. सगळी चांगली कामे सारख्याच वजनाची नसतात, हे आपल्याला सातव्या-आठव्या वर्षीच सांगितले जाते. नफ्लसाठी फर्ज मागे ठेवता येत नाही, हेही तेव्हाच कळते. शिवाय फर्जचे दोन प्रकार. फर्ज-ए-ऐन प्रत्येकावर स्वतंत्र असते. फर्ज-ए-किफाया काहींनी पार पाडले तर बाकीचे सुटतात, कोणीच पार पाडले नाही तर सगळेच जबाबदार ठरतात. दिवसाचेही पाच नमाजांनी पाच टप्पे केलेले आहेत. 'अस्र' या शब्दाचा अर्थ काळ असाही आहे आणि दुपार कलल्यानंतरची वेळ असाही. कुरआनातील १०३ वी सूरह याच नावाची. ती अवघ्या तीन आयतींची आहे आणि काळाला साक्षी ठेवून सुरू होते.

एवढे सगळे असूनही आपण प्रतवारीचा हा विचार इबादतीपुरताच ठेवला आणि बाकीचा दिवस मोकळा सोडला. खरे तर आपल्याच परंपरेत तो विचार पुढे नेलेला आहे. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये दिवस आणि रात्र यांची विभागणी कशी करावी यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी सगळ्यांना एकच वेळापत्रक दिलेले नाही. इबादतीला वाहून घेतलेला, विद्वान, विद्यार्थी, कुटुंबासाठी कष्ट करणारा कारागीर, राज्यकारभार पाहणारा, अशा माणसांचे त्यांनी वेगवेगळे प्रकार केले आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा मानला. ज्याच्यावर बायकामुले अवलंबून आहेत त्याने त्यांना उपाशी ठेवून सारा वेळ इबादतीत घालवणे त्यांना मान्य नाही. कामाच्या वेळी बाजारात असणे हीच त्याची इबादत. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही आपली मराठी म्हण थट्टेने वापरली जाते. गजालींच्या प्रकरणाजवळ ठेवून पाहिली तर तिच्यात थट्टेपेक्षा शहाणपण जास्त दिसते, फक्त पोट स्वतःचे नसून आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांचे धरायचे.

म्हणजे मोठा दगड कोणता, हे माझ्या आवडीवरून ठरत नाही. माझ्या वेळेवर कोणाचा हक्क आहे यावरून ठरते. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, याविषयी आपल्याकडे सांगितले जाते की, अल्लाह आपला हक्क माफ करू शकतो, पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. हा हक्क आपण पैसा, जमीन, वारसा यांच्यापुरता समजतो. तो वेळेलाही लागू आहे.

या दृष्टीने आमच्या वाईतच घडलेली एक हकीकत पाहण्यासारखी आहे. कृष्णाकाठच्या या गावात नारायणशास्त्री मराठे यांनी १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा स्थापन केली. पुढे संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. १९१७ मध्ये त्यांच्याकडे एक विशीतला तरुण शिकायला आला. तो गांधीजींच्या आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन आला होता. हे विनोबा भावे. १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी गांधीजींना पत्र लिहून त्या वर्षाचा हिशेब दिला. त्यात उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, योगदर्शन यांचा अभ्यास होता. गीतेचा मोफत वर्ग होता, सूर्यनमस्कार होते, सुमारे चारशे मैलांची पायपीट होती, आहारात काय सोडले हेही होते. इतके सारे एका वर्षात बसले कसे, असे आपल्याला वाटते. त्या यादीत काय नाही ते पाहिले की याचे उत्तर मिळते. मानमरातब, नातेवाइकांकडचे जाणेयेणे, उगाच चाललेले वादविवाद यांची नोंद तीत नाही. यादी लांब आहे खरी, पण ती दोन-तीन कामांचीच आहे : शिकणे, शिकवणे आणि शरीर घडवणे.

त्या हिशेबातली एक बाब मला सर्वांत मोलाची वाटते. वाईत विद्यार्थ्यांसाठी एक वाचनालय चालवायचे होते आणि पैसा नव्हता. तेव्हा विनोबा आणि काही विद्यार्थी लोकांचे धान्य जात्यावर दळून देऊ लागले आणि दळणाचे पैसे वाचनालयाला देऊ लागले. सुमारे दोन महिने हे चालले. जुन्या वळणाच्या गावात उच्चवर्णीय मुलांनी दळण दळावे हे लोकांना वेडेपणाचे वाटले. तरी वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तके जमली. ब्रह्मसूत्रे शिकायला आलेल्या माणसाने दळणात वेळ 'घालवला', असे कोणी म्हणेल. पण ज्या मुलांना वाचायला पुस्तक नव्हते आणि ते मागण्याची जागाही नव्हती, त्यांचा हक्क त्यांनी आपल्या अभ्यासाच्या तासांत धरला. अभ्यास सोडून दळण केले नाही, आणि अभ्यासाचे निमित्त सांगून दळण टाळलेही नाही. ठरलेल्या मुदतीत ते आश्रमात परतले. याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि निवडक आयतींचे त्यांचे संकलन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासासाठी त्यांनी दिलेली वर्षेही कोणी तातडीने मागितलेली नव्हती.

त्याच पाठशाळेचे विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. इतर लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात त्या वयात त्यांनी मराठी विश्वकोशाचे काम अंगावर घेतले. 'अंक ते आतुरचिकित्सा' हा पहिला खंड बाहेर पडला १९७६ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. तर्कतीर्थ १९९४ मध्ये वारले. विसावा खंड पूर्ण झाला २०१५ मध्ये. शेवटचा खंड त्यांनी पाहिला नाही. वाईतल्या त्या कार्यालयात पिढ्या बदलत गेल्या आणि काम चालू राहिले.

विश्वकोश हा माझ्या मते वेळेच्या नियोजनाचा उत्तम धडा आहे. पानांची संख्या ठरलेली असते, जगात विषय मात्र अगणित असतात. कोणत्या नोंदीला चार ओळी आणि कोणत्या नोंदीला चार पाने, हे संपादकाला ठरवावे लागते. चार ओळी दिल्या म्हणून तो विषय क्षुद्र ठरत नाही. पण चार पानांच्या विषयाला चार ओळींत गुंडाळले तर वाचकावर अन्याय होतो. आपला दिवसही असाच आहे. त्याची पाने चोवीस तासांची, त्यात एकही वाढवता येत नाही. आणि आणखी एक. जे काम आपल्या हयातीत पूर्ण होणार नाही, ज्याच्या पूर्ततेचा सत्कार आपल्या वाट्याला येणार नाही, त्याला रोज चार तास देणे हे फर्ज-ए-किफायासारखे आहे. ते कोणीतरी केलेच पाहिजे. कोणी केले नाही तर सगळ्या भाषेचे नुकसान होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. विनोबा अविवाहित होते, घरसंसार नव्हता. मोठ्या माणसांच्या शिस्तीमागे पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे तरी कष्ट उभे असतात. त्यांना वेळेवर जेवण मिळते म्हणून त्यांचे बाकीचे सारे वेळेवर होते. विनोबांचे मोठेपण हे की त्यांनी स्वतः जात्याला हात लावला. पण त्या काळी घराघरांत पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बायकांना वर्षाची रजा कोण देणार होते? बरणीची गोष्ट मला अपुरी वाटते ती इथे. घरातल्या बाईची बरणी सकाळी ती उठण्याआधीच भरलेली असते, आणि ती दुसऱ्यांनी भरलेली असते.

हे केवळ भावनेने बोलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटे थोडी कमी झाली, पण दोघांमधले अंतर होते तिथेच राहिले : तेव्हा २०२ मिनिटे, आता २०१. म्हणजे रोज तीन तासांहून अधिक. ज्या घरात बहीण आणि भाऊ दोघेही दहावीला असतात, तिथे हे तीन तास कोणाच्या अभ्यासातून जातात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. भावाला 'वेळेचे नियोजन कर' असे सांगणारे पालक बहिणीला हाक मारून पाणी मागतात. तिचा वेळ हा वेळ आहे, हेच मुळी मोजलेले नसते.

आता शाळेकडे येते, कारण माझा दिवस तिथे जातो. आमच्या उर्दू शाळेत येणारे सात वर्षांचे मूल घरी दखनी वळणाची बोली बोलते, गल्लीत मराठी बोलते, शाळेत उर्दू लिहिते, मकतबमध्ये अरबी वाचते आणि त्यात आता इंग्रजीही असते. इतक्या भाषा सांभाळणारे हे मूल हुशारच आहे. पण त्याला प्रत्येक भाषेसाठी थोडा निवांत वेळ हवा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. एका शिक्षकामागे तीस मुले धरली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला, स्वतंत्र म्हणून, वर्षाकाठी सत्तावीस तासही येत नाहीत. हे मोजून पाहिले की वर्गातली दहा मिनिटे किती मोठी असतात ते कळते.

त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येत नाहीत. कायद्याचे हे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात मात्र शिक्षकाचा मोबाईल सकाळपासून वाजत असतो. अमुक माहिती तात्काळ भरा, तमुक फोटो आजच पाठवा. पोषण आहाराची नोंद, हजेरीची नोंद, वेगवेगळे तक्ते. शिवाय मराठीतले परिपत्रक पालकांना उर्दूत समजावून सांगायचे असते, ते काम निराळे. यातले प्रत्येक काम कोणाच्या तरी दृष्टीने गरजेचे असते आणि प्रत्येकावर 'तात्काळ' हा शब्द लिहिलेला असतो. ज्या मुलाला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यावर मात्र 'तात्काळ' असे कोठेच लिहिलेले नसते. ते शेवटच्या रांगेत शहाण्यासारखे बसते, त्रास देत नाही, प्रश्न विचारत नाही. त्याचे वडील हंगामात पाचगणी-महाबळेश्वरकडे कामाला जातात, रात्री उशिरा घाट उतरून घरी येतात. तक्रार करायला शाळेत येण्याएवढी सवड त्यांना नसते. माहितीचा तक्ता एक दिवस उशिरा गेला तर विचारणा होते. मूल एक वर्ष मागे पडले तर कोणी विचारत नाही.

चुकलेल्या नमाजची कजा करता येते. चुकलेला रोजाही पुढे ठेवता येतो. बालपणाला कजा नाही. आठव्या वर्षी जे वाचायला शिकायचे राहिले ते अठराव्या वर्षी शिकता येते हे खरे, पण मधली दहा वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून माझ्यापुरता मी एक नियम धरला आहे आणि तो वाचकांपुढे विचारासाठी ठेवते. ज्याचा माझ्या वेळेवर हक्क आहे, ज्याचे उशीर झाल्याने नुकसान होणार आहे आणि ज्याला मागता येत नाही, त्याला दिवसाचा पहिला आणि ताजा वेळ द्यायचा. ज्यांना मागता येते ते आपला वाटा घेतल्याशिवाय राहत नाहीत. त्यांची काळजी फार करावी लागत नाही. वर्गात याचा अर्थ असा की हजेरीनंतरची पहिली वीस मिनिटे मागे पडलेल्या मुलांच्या वाचनाची. तक्ते त्यानंतर.

हा नियम सगळ्या प्रश्नांना पुरतो असे नाही. तातडीचे आणि महत्त्वाचे पुष्कळदा एकच असते. तापाने फणफणलेले मूल, मय्यतीचे घर, परीक्षेचा दिवस यांपुढे बाकीचे सारे थांबते आणि थांबायलाच हवे. कधी दोन हक्कदार एकाच वेळी गप्प असतात. आजारी सासू आणि अभ्यास करणारी मुलगी दोघींनाही एकच संध्याकाळ हवी असते. अशा वेळी कोणताही तक्ता उत्तर देत नाही. दोघींपैकी एकीला कमी पडणार आणि ते आपल्याला टोचणार. त्या टोचण्यालाही अर्थ आहे. जे आपण दिले नाही ते देणे होते, याची ती आठवण असते. वेळेचे नियोजन करून मन पूर्ण निर्धास्त होईल अशी हमी जी पुस्तके देतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

प्रत्येक मिनिट कामाला जुंपावे असेही मी म्हणत नाही. ओट्यावर वडिलांजवळ बसून त्यांची तीच जुनी हकीकत चौथ्यांदा ऐकणे हे कोणत्याही हिशेबात 'उपयोगी' दिसणार नाही. पण ते देणे आहे. उलट, लग्नाच्या बोलण्यात, मानपानात, मोबाईलवर आलेले संदेश पुढे पाठवण्यात जे तास जातात ते कोणाचे देणे फेडतात, हे एकदा विचारून पाहावे.

आपल्या समाजात लोक सवयीचे गुलाम असतात, वेळापत्रक बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी रमजानचा महिना पाहावा. सारा मोहल्ला झोपेची, जेवणाची, दुकानांची, मुलांच्या अभ्यासाची वेळ बदलतो. कोणी प्रशिक्षण देत नाही, तक्ता लावत नाही. एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे हे सगळ्यांनी मिळून मानलेले असते, म्हणून बाकीच्या गोष्टी तिच्याभोवती आपोआप सरकतात. त्या महिन्यातही सहरीसाठी सर्वांत आधी कोण उठते आणि इफ्तारनंतर सर्वांत शेवटी कोण बसते, हे पाहिले तर आणखी काय बदलायचे आहे तेही दिसते.

जे एक महिना जमते त्याचा थोडा अंश उरलेल्या अकरा महिन्यांत का जमू नये? मगरिबनंतरचा अर्धा तास घरातल्या मुलांच्या वाचनाचा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. त्या अर्ध्या तासात पाणी भरायचे, भांडी लावायची ती वडिलांनी किंवा मोठ्या भावाने. टीव्ही बंद, मोबाईल कपाटात. पुस्तक उर्दू असो वा मराठी. ज्या आईला वाचता येत नाही तिने तिथेच बसून मुलाचे वाचन ऐकावे. तिच्या दिवसातला हा एवढा वेळ तरी कोणी मागून घेतलेला नसेल. वाईसारख्या लहान गावात असे वीस घरांनी केले तरी वर्षाच्या शेवटी शाळेतल्या शेवटच्या रांगेत फरक दिसेल. तो तपासून सांगायला मी तयार आहे.